पेट्रोलची नळी गंजली आहे, घरीच बदलू का?

पत्र : वडिलांची २००६ सालची मारुती जिप्सी अजून दारात आहे आणि ती विकायची नाही, हे घरात ठरलेलं आहे. आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो, समुद्र हाकेच्या अंतरावर. पाऊस संपल्यापासून गाडी सुरू केली की पेट्रोलचा वास येतो. वाकून पाहिलं तर चेसिसला धरून मागून पुढे जाणाऱ्या लोखंडी नळीवर, मागच्या चाकाच्या जरा पुढे, ओलसर डाग दिसतो आणि गंजाचे पापुद्रे सुटलेत. गावातला मेकॅनिक म्हणतो, "एम-सील लाव, काय होवचा नाय." मित्र म्हणतो, लोखंडी नळी काढून टाक आणि टाकीपासून इंजिनापर्यंत रबरी पाइप घाल. माझ्याकडे पाने आहेत, तेल-फिल्टर मी घरीच बदलतो. हे काम घरी करू का? शिवाय यंदा नोंदणीचं नूतनीकरण आहे. गाडी तपासणीत अडेल का?

उत्तर :

नमस्कार. गाडी अजून चालवत असाल तर आजपासून बंद ठेवा. ती पडवीत किंवा घराला लागून उभी असेल तर ढकलून मोकळ्यावर आणा, चावी फिरवू नका. बाकीचं त्यानंतर.

हे असं सांगण्याचं कारण तुमच्या गाडीच्या सालात आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पंप इंजिनावर असायचा आणि तो टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. नळीला भोक पडलं तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जायची आणि गाडी चढावर आचके द्यायची. डिझेल जीपवाल्यांना हे पाठ असतं. सकाळी गाडी सुरू होत नाही, हवा काढावी लागते, आणि खाली थेंबही दिसत नाही. तुमची २००६ ची जिप्सी मात्र इंजेक्शनची आहे, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारून इंजिनात सोडणारी. पंप टाकीत, आणि तिथून पुढची सगळी नळी साधारण अडीच-तीन बार दाबाखाली. टायरमध्ये तुम्ही भरता त्याहून जास्त. अशा नळीला टाचणीएवढं भोक पडलं की पेट्रोल ठिबकत नाही, बारीक फवारा होऊन उडतं, आणि जिप्सीत सायलेन्सरचा पाइप काही फार लांब नाही. आज दिसणारा "ओलसर डाग" म्हणजे पत्रा अजून थोडा शिल्लक आहे, एवढंच.

आता एम-सील. त्या मेकॅनिकदादांना वाईट वाटू नये, पण ते पाण्याच्या टाकीला लावायचं औषध आहे. गंजावर, पेट्रोलने ओल्या झालेल्या जागी, तीन बार दाबावर आणि कोकणातल्या रस्त्यांच्या हादऱ्यांत ते धरत नाही. त्यातून वाईट म्हणजे ते काही दिवस धरतं. तेवढ्यात तुम्ही निर्धास्त होता आणि गंज त्याच्याखाली आपलं काम चालू ठेवतो.

मित्राचा सल्ला जरा बरा, तरी मान्य नाही. चांगल्या प्रतीचा रबरी पाइप वीतभर जोडासाठी असतो, जिथे टाकी किंवा इंजिन हलतं आणि नळीला लवचिकपणा हवा असतो. टाकीपासून इंजिनापर्यंत तो ओढला की चेसिसच्या कडेला घासतो, दगड लागतो, सायलेन्सरच्या झळीने कडक होतो. शिवाय रबरातून पेट्रोलची वाफ थोडी थोडी पाझरतेच, म्हणजे वास राहणार तो राहणारच. लांब पल्ल्याला धातूची नळी, जोडांना रबर, हीच रचना कारखान्यातून आलेली आहे आणि तीच ठेवायची.

मग घरी करायचं का? माझं मत सांगतो. नळी काढणं आणि नवी बसवणं हे तुमच्यासारख्या माणसाला जमणारं काम आहे. नळीच्या टोकांना फ्लेअर मारणं, म्हणजे जोड घट्ट बसावा म्हणून टोक कर्ण्यासारखं पसरवणं, घरी करू नका. टाकीला तर हातच लावू नका. आणि गाडीत सीएनजी किंवा एलपीजीचं किट असेल तर हे पत्र इथेच मिटा आणि परवानाधारक किटवाल्याकडे जा.

पाने फिरवणं यात सर्वांत सोपं. खरं काम आहे ते नळीतून निघालेलं पेट्रोल आणि त्याची वाफ कुठे जाते यावर लक्ष ठेवण्याचं. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडच्या हवेत ते कायम तयारच असतं. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, उताराने वाहते, खड्ड्यात साचते. म्हणून गॅरेजातल्या खड्ड्यात उतरून हे काम करणं मला पसंत नाही, आणि पडवीत तर मुळीच नाही. खळ्यात, उघड्यावर, वारं असताना, भर दिवसा करा. वारा घराकडून गाडीकडे येतोय ना, ते पाहा. न्हाणीघरातली पाणी तापवायची चूल त्या दिवशी पेटवायची नाही. तुळशीपुढची पणती, देवघरातलं निरांजन, उदबत्ती, शेजाऱ्याची विडी, जवळ चालू असलेला पाण्याचा पंप, सगळ्यांना सुट्टी. उजेडाला साधा बल्ब लावलेली हातबत्ती नको. ती हातातून सुटून फुटली की तापलेली तार उघडी पडते आणि खाली पेट्रोल असतं. एलईडीची बंदिस्त बॅटरी घ्या. मोबाइल घरात.

हाताशी दोन किलोंचा तरी एबीसी पावडरचा अग्निशामक हवा, आणि तो वापरता येणारा दुसरा माणूसही हवा. बागेचा पाण्याचा पाइप कामाचा नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत दूरवर पसरतं. वाळूची बादली मात्र असू द्या.

जिप्सी उंच असल्याने बरंचसं काम जॅक न लावता पाठीवर झोपून होतं, तसंच करा. चाकं पुढून-मागून अडवा. उचलायचीच असेल तर लोखंडी घोडी घ्या. आपल्याकडे सर्रास गाडीखाली जांभ्याचे चिरे रचतात, अंगणात पडलेलेच असतात म्हणून. चिरा भिंतीत शंभर वर्षं टिकतो, पण टोकावर भार आला की एकदम फुटतो, आधी कुरकुरतही नाही. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, हे तुम्हाला माहीत असणार.

नळी सोडण्याआधी एक खात्री करा की गळती खरोखर तिथेच आहे. टाकी फुल्ल भरल्यावरच वास येत असेल तर टाकीच्या तोंडाकडून खाली उतरणारी रबरी नळी किंवा वाफेची बारीक नळी दोषी असते. वास इंजिनाजवळ जास्त असेल तर पुढचे रबरी तुकडे आधी पाहा. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि २००६ सालचं रबर काही ते डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं नाही. बोटांत धरून वाकवा. कडेला केसासारख्या चिरा दिसल्या किंवा रबर फुगून लिबलिबीत झालं असेल तर तो तुकडा गेला. लोखंडी नळी बदलताना हे सगळे तुकडे बदलायचेच आहेत, ते वेगळं.

लोखंडी नळी बहुधा क्लिपच्या आत सडते. उघड्या भागावर पाऊस पडतो आणि वाळतो, पण क्लिपमध्ये लाल माती भरते, ती मिठासकट ओली राहते, आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात ती जूनपासून दिवाळीपर्यंत ओलीच राहते. म्हणून जिथे डाग दिसला तेवढाच तुकडा कापून मध्ये रबर घालण्याचा मोह टाळा. बाकीच्या क्लिपांतही तेवढ्याच वयाची माती आहे. एक भोक बुजवलंत तरी तोच दाब बाकीच्या पातळ जागांवर असतोच. दाबाची नळी आणि तिच्या शेजारची, उरलेलं पेट्रोल टाकीत नेणारी परतीची नळी, दोन्ही अख्ख्या बदला.

आता काम. काही दिवस आधीपासून दर संध्याकाळी दोन्ही टोकांच्या नटांवर गंज सोडवणारा फवारा मारत राहा. आच लावायची नाही, कितीही जाम असलं तरी. टाकीत पेट्रोल जेवढं कमी तेवढं बरं. पण गाडी चालवायची नाही म्हटल्यावर ते काढावं लागलं तर हातपंपाने, झाकणाच्या धातूच्या डब्यात काढा. नळी तोंडात धरून ओढण्याची जुनी सवय इथे सोडा. घोटभर पेट्रोल पोटात गेलं तर त्रास होतो, पण थेंबभर फुप्फुसात उतरलं तर रासायनिक न्यूमोनिया होतो आणि माणूस रुग्णालयात जातो. कोणी गिळलंच तर उलटी काढायला लावू नका, उलटताना तेच फुप्फुसात जातं. सरळ दवाखाना गाठा. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल ओतताना स्थिर वीज साठते, म्हणून डबा धातूचा आणि जमिनीवर ठेवलेला.

काम करायच्या दिवशी टाकीचं झाकण उघडून आतला दाब सोडा. फ्यूजच्या पेटीतला इंधन पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. मोकळ्यावर इंजिन सुरू करा, ते नळीतलं पेट्रोल जाळून आपोआप बंद पडेल. पुन्हा एक-दोनदा स्टार्टर मारा. चावी काढा, आणि मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून बाजूला बांधून ठेवा. तुमच्या गाडीत गळती मोठी असेल, नुसता पंप सुरू झाला तरी खाली पेट्रोल पडत असेल, तर इंजिन सुरू करण्याची ही पायरी गाळा. फ्यूज काढून रात्रभर ठेवा आणि जोड चिंधीत गुंडाळून सावकाश सैल करा. दाब गेला तरी नळीत कपभर पेट्रोल उरतंच. खाली स्टीलचं पातेलं, हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा. गंजाचे कण थेट डोळ्यात पडतात, कारण तुम्ही वर बघत असता.

नट सोडायला उघडा फिक्स पाना लावलात तर त्याचे कोपरे गोल होतील. फ्लेअर नटचा पाना घ्या, रिंग पान्यासारखाच पण नळी आत शिरण्यापुरती फट असलेला. फिल्टरवरचा नट सोडताना फिल्टरचा षट्कोन दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर फिल्टरसकट सगळं पिळवटतं. नळी कापावी लागली तर ग्राइंडर नाही आणि हॅकसॉही नाही. एक ठिणगी टाकतो, दुसरा बुरा टाकतो, आणि तो बुरा इंजेक्टरात जाऊन बसतो. फिरवत कापायचा ट्यूब कटर गावातल्या फ्रिज-एसीवाल्याकडे असतोच. तो मागून आणा.

त्याच्याकडचा तांब्याचा पाइप मात्र आणू नका. तो देईल, स्वस्तात देईल आणि हाताने वाकेल, म्हणून मोह होतो. तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि एक दिवस जोडाच्या कडेला तडकतं. पेट्रोलशी त्याचं जमतही नाही, चिकट राळ तयार होते. ॲल्युमिनियम इथेनॉलने खाल्लं जातं. घ्यायची ती जस्त किंवा प्लास्टिकचा लेप असलेली पोलादी बंडी ट्यूब, किंवा मिळाली तर तांबे-निकेलची मिश्र नळी. ती महाग पडते पण खाऱ्या हवेत गंजत नाही, आणि तुम्ही राहता तिथे मी पैसे तिलाच घालीन.

जुनी नळी मोडू न देता अख्खी बाहेर काढण्याचा प्रयत्न करा आणि गोणपाटात गुंडाळून कोल्हापूरला, उद्यमनगरात न्या. तिथे ब्रेकच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या बनवणारे असतात. जुनी नळी समोर ठेवली की त्याच मापाची, त्याच वळणाची, टोकांना व्यवस्थित फ्लेअर आणि नवे नट घालून देतात. जुनी तुकड्यांत निघाली तर आधी जाड तार घेऊन तिचं वळण गाडीखालीच उतरवून घ्या. बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा, गंजलेल्या जागी नव्हे, चांगल्या जागी. दाबाची आणि परतीची नळी वेगवेगळ्या जाडीची असू शकते. जिप्सी लष्करात आणि पोलिसांत वर्षानुवर्षे होती, त्यामुळे तयार नळीही कधी कधी मिळून जाते. आधी विचारून पाहा.

फ्लेअर घरी का नको, तर फ्रिजवाल्याचं साधन तांब्यासाठी असतं, एकेरी फ्लेअर मारतं. पोलादी नळीला एकेरी फ्लेअर मारली की कडेला बारीक चीर पडते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि तीन बारला बरोबर सापडते.

रबरी जोडांसाठी दुकानात नुसतं "पेट्रोल पाइप द्या" म्हणालात तर स्कूटरला चालणारा पाइप हातात येईल. पाइपवर छापलेलं वाचा. एसएई जे ३० आर ९ हा इंजेक्शनच्या दाबाचा. आर ६ आणि आर ७ कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी. क्लिपही नेहमीची खाचांची गिअर क्लिप नको, तिच्या खाचा रबर कापतात. गुळगुळीत पट्टीची, बोल्टने आवळायची इंजेक्शन क्लिप मागा. नळीच्या टोकाला उंचवटा असतो, रबर त्याच्या पुढे इंचभर गेलं पाहिजे आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. उंचवटा नसलेल्या सरळ कापलेल्या नळीवर दाबाचा पाइप चढवायचा नाही, तो निसटतो. बँजो बोल्ट (मधून पेट्रोल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर दोन्ही वायसर नवे.

फिल्टर बदलायचाच आहे. जुना फेकण्याआधी त्यातलं पेट्रोल उलट्या बाजूने, म्हणजे टाकीकडच्या तोंडातून, पांढऱ्या फडक्यावर ओता. थोडी काळपट घाण येणारच. तांबूस चिखलासारखं आलं तर टाकी आतून गंजली आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पावसाळाभर गाडी उभी राहिली की ते पाणी तळाशी बसतं. मग नवी नळी घालून निम्मंच काम झालं. टाकी उतरवणं, धुणं, झाळून डाग देणं हे अनुभवी माणसाकडे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत नुसती वाफ आणि हवा असते. "धुऊन घेतली आहे" म्हणून वेल्डिंग लावलेल्या टाक्या फुटतात आणि माणसं मरतात.

नवी नळी जुन्याच वाटेने न्या. क्लिपमध्ये रबराचं अस्तर हवं, दर फूटभरावर एक. क्लिपा बसवण्याआधी चेसिसवरची माती खरवडून काढा, गंजरोधक रंग द्या, वाळू द्या. सर्व्हिसिंगवाले खालून जळकं ऑइल मारतात, ते या नळीच्या वाटेवर नको. लोखंड वाचतं खरं, पण रबर फुगतं आणि पुढची गळती त्या तेलाच्या थरात दिसतच नाही.

चाचणी घाईने उरकू नका. फ्यूज आणि बॅटरी जोडा. दुसऱ्या कोणाला चावी नुसती 'ऑन' करायला सांगा, स्टार्टर नाही. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबेल. हे चार-पाच वेळा करा आणि तुम्ही कडेने बघा, खाली झोपून नव्हे. प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद फिरवा. बोटाला न कळणारा ओलावा कागदावर उमटतो. मग इंजिन दहा मिनिटं चालवा, पुन्हा कागद. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी बघा. नंतर कुडाळपर्यंत जाऊन आलात की गरम गाडीवर आणखी एकदा. कुठे ओलं दिसलं तर नट आवळत सुटू नका. फ्लेअर चुकली असेल तर आवळून ती आणखी बिघडते. सोडा आणि पाहा.

पातेल्यातलं पेट्रोल स्वच्छ असेल तर गाळून टाकीत जाईल. घाण असेल तर गॅरेजात द्या. विहिरीच्या आसपास ओतू नका आणि भाजावळ पेटवायला तर अजिबात नाही. भिजलेल्या चिंध्या उघड्यावर दोरीला वाळत घाला. कपड्यांवर पेट्रोल सांडलं असेल तर ते अंगणातच बदला, त्याच कपड्यांनी स्वयंपाकघरात जाऊ नका.

राहिला नूतनीकरणाचा प्रश्न. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी तपासणी. तुमची २०२१ ला एकदा झालेली असणार, आता २०२६ ची. कारखान्यातल्यासारखी धातूची नळी, नीट क्लिपा आणि कोरडे जोड असतील तर या कारणाने अडण्यासारखं काही नाही. टाकीपासून इंजिनापर्यंत लोंबणारा रबरी पाइप दिसला तर निरीक्षक हरकत घेईल आणि ती रास्त असेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खाली झोपलाच आहात तर त्या पेट्रोलच्या नळीच्या आसपास जाणारी बारीक नळीही पाहा. ती ब्रेकची. तिच्याही क्लिपांत तीच लाल माती आहे. वायर ब्रश मारल्यावर पापुद्रे सुटले किंवा खड्डे दिसले तर त्याच फेरीत कोल्हापूरहून तीही बनवून आणा. ती बसवायचं आणि ब्रेकची हवा काढायचं काम मात्र जाणत्या मेकॅनिकला घरी बोलावून करून घ्या. तोवर गाडी खळ्याबाहेर काढू नका.